मराठवाड्यातल्या शिक्षकांचं हिमालयातलं शिबिर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जानेवारीत फोन सुरू होतात आणि नांदेडपासून धाराशिवपर्यंत सगळ्यांचे प्रश्न जवळपास तेच असतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. आम्ही कुठली संस्था नाही, जिल्हा परिषदेच्या आणि खाजगी शाळांमधले काही शिक्षक आहोत, उन्हाळ्याच्या सुट्टीत एकत्र जातो एवढंच.

हे नेमकं काय आहे, ट्रेकिंग का ट्रेनिंग?

ट्रेकिंगला येतो म्हणून आलेले पहिल्या दिवशी थोडे नाराज होतात कारण आपण दिवसाला फार अंतर कापत नाही, आणि ट्रेनिंग म्हणून आलेले वही काढून बसतात आणि सर सुरू कधी करणार म्हणून विचारतात. इथं लेक्चर नाही, पीपीटी नाही, मोड्यूल नाही. वीसेक शिक्षक आठ दिवस डोंगरात राहतात, बघतात, मोजतात, लिहितात, चित्रं काढतात, आणि रात्री जेवण झाल्यावर बसून बोलतात की आज जे मी केलं ते माझ्या चौथीच्या पोरांना कसं करू देता येईल. म्हणजे आठ दिवस तुम्ही विद्यार्थी असता.

जागा कुठली?

हिमाचलमधलं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क, कुल्लू जिल्ह्यात. १९९९ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा अधिकृत दर्जा मिळाला आणि २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. उद्यानाचं क्षेत्र साधारण ७५४ चौरस किलोमीटर. खाली देवदार आणि बांज ओकची जंगलं आणि वर ६००० मीटरच्या आसपास कायम बर्फ, मधे कितीतरी प्रकारची झाडी. आत गाडीचा रस्ता नाही, जे काही आहे ते पायी. आपण तीर्थन नदीच्या खोऱ्यातून जातो, गुशैणी गावात होमस्टेमध्ये राहतो आणि मधले तीन दिवस आत रोल्लाला तंबूत. परमिट लागतं आणि सोबत स्थानिक गाइड असतो, ते सगळं आम्ही आधी करून ठेवतो.

पावसाळ्यात आपण तिकडं जात नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. जुलै २०२३ च्या पुरात कुल्लू भागाचं जे झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

एवढ्या लांब कशाला? आमच्या शाळेमागं टेकडी आहे की.

हा प्रश्न विचारणारा माणूस बरोबर बोलतोय, आणि मला या प्रश्नावर जास्त लिहायचंय.

आपल्या गावातल्या लिंबाकडं आपण बघतच नाही. नाव माहीत असतं, लिंब, संपला विषय. बाभळ, बोर, पळस, रुई, सगळ्यांची नावं लहानपणापासून तोंडात आहेत, त्यामुळं डोळा तिथं थांबत नाही आणि वर्गात पण आपण नावच शिकवतो, नाव पाठ झालं की धडा झाला. तिकडं गेलं की पहिल्या वळणावरच आपल्याला एकाही झाडाचं नाव येत नाही. वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला असं रिकामं उभं राहायची सवयच नसते, आणि मग तो बघायला लागतो. पानाच्या खालची बाजू बघतो, साल हाताला कशी लागते बघतो, वास घेतो. म्हणून आमचा एक नियम आहे, पहिले दोन दिवस नाव विचारायचं नाही. गाइड लोकांना पण सांगून ठेवलेलं असतं, त्यांना सगळं येतं पण ते सांगत नाहीत. तुम्हीच त्या झाडाला नाव द्यायचं आणि का दिलं ते लिहायचं. एका मॅडमनी एका झाडाला "हाताच्या पंजाचं झाड" म्हणलं होतं कारण एका देठाला सात पानं पंजासारखी पसरलेली होती, तिसऱ्या दिवशी कळलं की ते खनोर, म्हणजे तिकडचं जंगली चेस्टनट. ते झाड त्या मॅडम आता विसरणार नाहीत, कारण आधी ओळख झाली आणि नाव मागून आलं.

तो डोळा घेऊन परत यायचं आणि शाळेमागच्या टेकडीवर जायचं. लांब जायचं कारण एवढंच आहे. ज्यांचा डोळा इथंच उघडलेला आहे त्यांनी पैसे खर्च करून यायची काहीच गरज नाही आणि आम्ही त्यांना फोनवर तसंच सांगतो.

दिवसभर करता काय?

सगळं सांगत नाही, पण दोन-तीन गोष्टी सांगतो.

पाणी उकळणं. शाळेच्या विज्ञानाच्या कपाटातला साधा थर्मामीटर बरोबर आणायचा (तापाचा नाही, ११० अंशांपर्यंतचा). उकळत्या पाण्याचं तापमान मराठवाड्यात घरी मोजून यायचं, साधारण ९८ च्या आसपास येतं. मग रोल्लाला साधारण २१०० मीटरवर मोजायचं, तिथं ९३ च्या जवळ पाणी खळाखळा उकळत असतं. सगळ्यांनी पुस्तकात वाचलेलं असतं, बऱ्याच जणांनी शिकवलेलं पण असतं, तरी आकडा बघून प्रत्येक वेळी कोणीतरी थर्मामीटर झटकून परत बुडवतंच. त्या दिवशी भात शिजायला वेळ का लागतोय हे मग कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

सुतळीचा चौकोन. प्रत्येकाला चार काड्या आणि सुतळी, जमिनीवर हातभर चौकोन आखायचा आणि त्याच्यापुढं चाळीस मिनिटं एकट्यानं बसायचं, फोन पिशवीत. पहिली दहा मिनिटं माणूस चुळबुळ करतो. जिंतूर तालुक्यातल्या एका बाईंची वही माझ्याकडं फोटोत आहे, पहिल्या ओळीला लिहिलंय "वाळलेली पानं, माती, दगड", आणि पाचव्या-सहाव्या मिनिटानंतर लिहिलंय "पानं तीन प्रकारची आहेत, सर्वात खालचं पान जाळीसारखं झालंय, नुसत्या शिरा राहिल्यात, त्याच्याखाली माती ओली आहे आणि पांढरा दोरा पसरलाय". तो पांढरा दोरा म्हणजे बुरशी, पानाची माती करणारी. कुजण्याची क्रिया हा धडा त्यांनी किती वर्षं शिकवला असेल, आणि तो त्यांच्या गुडघ्यापुढं चाललेला होता.

नदीकाठ. तीर्थनच्या एका दगडावर बसून एकच पक्षी अर्धा तास बघायचा. तिकडं एक तपकिरी पक्षी आहे, डिपर म्हणतात त्याला, तो त्या गार आणि जोरात वाहणाऱ्या पाण्यात बुडी मारतो, तळाच्या दगडांमधले किडे शोधतो आणि थोडं पुढं जाऊन वर येतो. नदी स्वच्छ असल्याशिवाय ते किडे नाहीत आणि किडे नाहीत तर हा पक्षी नाही, एवढी साखळी बसल्या जागी जुळते.

दगड तर आपल्या लोकांना वेडंच करतात. आपण सगळे काळ्या पाषाणावर वाढलेले, दख्खनचा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तिकडचा दगड पातळ पापुद्र्यांचा, अभ्रकानं चकाकणारा, घड्या पडलेला. दगडाला घडी कशी पडते हा प्रश्न रात्री बारापर्यंत चालतो.

मी मराठी शिकवतो, किंवा इतिहास, माझं तिथं काय काम?

एका वर्षी आमच्याबरोबर औसा तालुक्यातले एक सर होते, समाजशास्त्र शिकवतात. पहिले दोन दिवस फार बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आम्ही गावातली जुनी घरं बघत होतो, तिकडं त्याला काठकुणी म्हणतात, म्हणजे देवदाराच्या तुळईचा एक थर, मग दगडाचा थर, परत लाकूड, परत दगड, मधे सिमेंट नाही की काही नाही. घरमालक म्हणाले, भूकंप आला की असं घर हलतं पण पडत नाही, लाकूड दगडाला धरून ठेवतं. सर भिंतीपाशी गेले, कोपऱ्यावर जिथं दोन बाजूंच्या तुळया एकमेकीत बसतात तिथं हात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, ते सात वर्षांचे होते. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, चारला थोडी मिनिटं कमी. आपल्याकडं घरं म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, भिंतींना एकमेकीशी बांधून धरणारं काही नाही. एवढंच म्हणाले, "आमच्या भिंतीत लाकडाचा असा एक थर असता तर."

त्या रात्री सगळ्यात लांब चर्चा झाली ती याच भिंतीवर. गणितवाले वजनावर बोलले, मराठीवाल्या मॅडमनी माळवद, खण, देवळी असे घराचे शब्द फळ्यावर काढले जे आता पोरांना माहीत नाहीत, आणि सरांनी परत गेल्यावर सातवीच्या मुलांकडून गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या, भूकंपाआधीचं घर कसं होतं म्हणून. आता तुम्हीच सांगा हा तास कुठल्या विषयाचा.

तिथं शिकवतं कोण?

मुख्य म्हणजे गाइड आणि गावातले लोक. उद्यान झालं तेव्हा या लोकांचे आतले चराईचे, जडीबुटी आणि गुच्छी (तिकडची रानटी अळंबी) गोळा करायचे हक्क गेले, मोबदला ठरला, पण मोबदल्यानं सगळं भागतं असं नाही. आज त्यातलेच काही जण गाइड, स्वयंपाकी, पोर्टर, होमस्टेवाले आहेत. एका संध्याकाळी आपण त्यांच्याकडूनच ऐकतो की जंगल वाचवताना कोणाचं काय गेलं. आपल्याकडं जायकवाडीत, माजलगावात धरणासाठी उठलेली गावं आहेत, त्यामुळं आपल्या लोकांना ही गोष्ट लवकर समजते. मला स्वतःला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण पर्यावरणाचा धडा आपण "झाडे लावा" वर संपवतो आणि माणसं राहून जातात.

वय ५२, कधी डोंगर चढलो नाही. जमेल का?

जमतं. गुशैणी ते रोल्ला साधारण ८ ते १० किलोमीटर आहे आणि आपण ते पूर्ण दिवसात करतो, थांबत थांबत. अट एकच, मार्चपासून रोज सकाळी एक तास चाला, आणि ज्या बुटात चालाल तेच बूट घेऊन या. नवे कोरे बूट घेऊन आलेल्या दोघांना आमच्या पहिल्याच वर्षी टाचेला एवढे फोड आले की ते तीन दिवस गावातच राहिले, आम्ही त्यांना आधी सांगायला पाहिजे होतं ते सांगितलं नव्हतं. हृदयविकार, दमा, गुडघ्याचं ऑपरेशन असेल तर डॉक्टरला विचारून या आणि आम्हाला लपवू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या दुप्पट आणा, आत मेडिकल नाही.

उंचीवर श्वास लागतो म्हणतात?

तो त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो, आपला मुक्काम त्याच्या खाली आहे. दम लागेल तो चढाचा. थंडी मात्र लागते, आपल्याकडं पारा ४२ वर असताना तिथं रात्री स्वेटर, कानटोपी आणि जाड पांघरूण लागतं, आणि दरवर्षी कोणीतरी मे महिना आहे म्हणून चादर घेऊन येतंच.

बाई म्हणून एकटीनं यायचं तर?

दरवर्षी निम्म्याच्या आसपास शिक्षिका असतात. होमस्टेमध्ये वेगळ्या खोल्या, तंबू वेगळे. आत संडास साधे आहेत, खड्ड्याचे, हे आधीच सांगतो म्हणजे नंतर कुचंबणा नको. पाळीच्या दिवसांचं सामान बरोबर आणायचं आणि वापरलेलं कागदात गुंडाळून बंद डब्यात परत खाली घेऊन यायचं, जंगलात काहीच टाकायचं नाही. त्या दिवसांत चालायला नको वाटलं तर सांगायचं, कोणी ना कोणी सोबतीला थांबतं. घरच्यांना बोलायचं असेल तर जुन्या शिबिरातल्या मॅडम स्वतः त्यांच्याशी फोनवर बोलतात, सासूबाईंशी पण बोलल्यात. आत मोबाइलला रेंज नाही, तेव्हा तीन दिवस फोन लागणार नाही हे घरी सांगून निघा म्हणजे काळजी करत बसणार नाहीत.

जायचं कसं?

सचखंड एक्सप्रेस. नांदेडहून सकाळी निघते, परभणी, जालना, संभाजीनगर करत करत दिल्लीवरून अमृतसरला जाते, आपण अंबाल्याला उतरतो. लातूर-धाराशिववाले परभणीला येऊन चढतात. या गाडीत वाटेत स्टेशनांवर लंगर येतो, गुरुद्वाऱ्याची माणसं गरम डाळ-भात, पोळी, भाजी वाढतात, म्हणून प्रत्येकानं ताट-वाटी हाताशी ठेवा. अंबाल्याहून रात्रीची बस, औटला उतरायचं, तिथून बंजार आणि मग गुशैणी. तिकीट ६० दिवस आधी सुटतं आणि उन्हाळ्यात लगेच संपतं, त्यामुळं पैसे भरायला उशीर केला तर आमचा नाइलाज होतो.

खर्च?

तिकिटांवर आणि माणसांच्या संख्येवर दरवर्षी बदलतो म्हणून आकडा इथं लिहीत नाही. नफा नाही, जे झालं ते भागिले माणसं, शेवटचा हिशोब बिलांसकट ग्रुपवर टाकतो. ज्यांचा पगार अजून अर्धवट आहे, विनाअनुदानित शाळांवरचे, त्यांच्यासाठी बाकीचे थोडं थोडं जास्त भरतात, कोणासाठी किती ते कोणालाच सांगत नाही. मागं एकदा एका एजंटामार्फत बुकिंग केलं होतं, ऐन वेळी खोल्या निम्म्याच निघाल्या, तेव्हापासून होमस्टेवाल्यांशी सरळ बोलतो.

रजा लागते का? प्रशिक्षणाचे तास धरतात का?

सुट्टीत जातो त्यामुळं रजेचा प्रश्न सहसा येत नाही, पण मुख्यालय सोडायची परवानगी मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या, निवडणूक किंवा जनगणनेचं काम लागलेलं असेल तर येऊ नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाला वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण म्हणलंय खरं, पण आमचं शिबिर सरकारी नाही, आम्ही सहभागाचं पत्र देतो, तास धरतीलच असा शब्द देत नाही. केवळ पत्रासाठी येणार असाल तर दुसरी बरीच शिबिरं आहेत.

जुजुराणा दिसतो का?

हिमाचलचा राज्यपक्षी, वेस्टर्न ट्रॅगोपन. फार लाजाळू आहे, आम्हाला अजून दिसला नाही. एका पहाटे त्याचा आवाज मात्र ऐकला, लांब वरच्या अंगाला कोकरू ओरडल्यासारखा, गाइडनं हात वर केला आणि सगळे जागच्या जागी थांबले.

अस्वल, बिबट्या?

आहेत. एकटं फिरायचं नाही, अंधार पडल्यावर तंबूपासून लांब जायचं नाही, खाऊ तंबूत ठेवायचा नाही. जास्त त्रास बिच्छूबुटीचा होतो, आपल्या खाजकुइलीसारखी, हात लावला की आग आग, म्हणून पूर्ण बाह्यांचे शर्ट आणा.

नवरा, बायको, मुलांना आणता येईल का?

नाही. आई-बाप म्हणून आलात की विद्यार्थी होता येत नाही.

परत आल्यावर काय?

खरं काम इथंच आहे आणि इथंच बरेच जण गळतात, जूनमध्ये शाळा सुरू झाली की ऑनलाइन माहिती, पोषण आहार, शिष्यवृत्तीचे तास, आणि वही कपाटात जाते. म्हणून ऑगस्टमध्ये आपण सगळे परत एक दिवस भेटतो, गौताळ्याला. कन्नडजवळचं हे अभयारण्य, १९८६ चं, साधारण २६० चौरस किलोमीटर, सातमाळ्याच्या डोंगरात, जवळच पितळखोऱ्याची लेणी. पावसानं सगळं हिरवं झालेलं असतं. तिथं प्रत्येकानं आपल्या शाळेत काय केलं ते दाखवायचं, पोरांच्या वह्या घेऊन यायचं. जिंतूरच्या त्याच बाईंनी तिसरीच्या पोरांना बाभळीखाली सुतळीचे चौकोन आखून दिले होते, रोज मधल्या सुट्टीआधी दहा मिनिटं. एका पोरीनं लिहिलं होतं, "काल मुंग्या डाव्या बाजूनं गेल्या. आज पाणी साचलंय तर वळून गेल्या. त्यांना कोणी सांगितलं?" बाईंनी उत्तर दिलं नाही, खाली फक्त लिहिलं, उद्या परत बघ.

मुख्याध्यापक म्हणतात मुलांना बाहेर नेऊ नका, काही झालं तर जबाबदारी कोणाची?

त्यांची भीती खोटी नाही. दोनशिक्षकी शाळेत एक जण पोरं घेऊन ओढ्यावर गेला तर बाकीचे वर्ग कोण बघणार. म्हणून सुरुवात शाळेच्या कुंपणाच्या आतच करा, एक झाड, एक भिंत, पाण्याच्या टाकीजवळची ओल. एक महिना वह्या भरू द्या आणि मग त्या वह्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा. परिसर अभ्यास हा विषयच आहे तिसरी ते पाचवीला, आणि सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना ही गोष्ट धोरणातच आहे, तेव्हा तुम्ही काही वेगळं मागत नाही आहात. बाहेर नेताना आधी स्वतः एकदा जाऊन या, विहिरी, विजेच्या तारा, आग्या मोहळ कुठं आहे बघून ठेवा, पालकांपैकी दोघांना बरोबर घ्या. गुराखी किंवा शेतकरी असलेला पालक असेल तर अजून चांगलं, त्याला आपल्यापेक्षा जास्त माहिती असते आणि पोरांपुढं त्याचा मान वाढतो.

नाव कसं नोंदवायचं?

फॉर्म नाही. हातानं लिहिलेलं एक पान पाठवा, फोटो काढून पाठवला तरी चालतो. तुमच्या शाळेपासून पंधरा मिनिटांच्या अंतरावरचं एक झाड, ओढा, बांध किंवा दगड निवडा, तिथं अर्धा तास बसा आणि जे दिसलं ते लिहा. पुस्तकातलं नको, नेटवरचं तर नकोच, अक्षर कसं पण असू द्या. तुमचं पद, शाळेचं नाव, किती वर्षं नोकरी झाली ते मागच्या बाजूला लिहा, आम्ही पुढची बाजू आधी वाचतो. पानं ३१ जानेवारीपर्यंत पोहोचली पाहिजेत.